कायद्यातून वंशभेद गेला, मग आकड्यांत अजून का दिसतो?

प्रश्न असा होता: "अमेरिकेतले वंशभेदाचे कायदे १९६०च्या दशकात संपले, ओबामा दोनदा अध्यक्ष झाला, तरी ब्लॅक लोक मागेच आहेत, मग हा त्यांच्या कल्चरचा प्रॉब्लेम नाही का? आपले भारतीय तिकडे जाऊन पुढे गेलेच की. आणि हे सिस्टेमिक रेसिझम म्हणजे नक्की काय? भेदभाव करणारा माणूसच दाखवता येत नसेल तर भेदभाव आहे असं म्हणायचं कशावरून?"

मी शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण माझं पोट त्याच प्रश्नावर चालतं. गेली वीसेक वर्षं मी अमेरिकेत घरकर्जांच्या डेटामध्ये भेदभाव शोधायचं काम करतेय, कधी बँकांसाठी, कधी बँकांवर नजर ठेवणाऱ्यांसाठी. तर माणूस दाखवता येत नाही हे बऱ्याचदा अगदी खरं असतं. "हा ब्लॅक आहे, याला लोन देऊ नका" असा एकही ईमेल मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही. जे सापडतं ते फार कंटाळवाणं असतं, कुठल्यातरी पॉलिसी मॅन्युअलच्या मधल्याच पानावरची एक ओळ.

एक उदाहरण सांगते, बँकेचं नाव सांगणार नाही. मध्यम आकाराची बँक, आम्ही त्यांचे अर्ज तपासत होतो. सारखा क्रेडिट स्कोअर, सारखं उत्पन्न, डोक्यावर सारखं कर्ज असे गोरे आणि ब्लॅक अर्जदार शेजारी शेजारी ठेवले तर मंजुरीत फरक जवळपास शून्य. बँकवाले खूश, माझा बॉस खूश, रिपोर्ट लिहायला घेतला. मग सहज म्हणून मी मंजूर-नामंजूर सोडून अर्ज कुठून आलेत ते नकाशावर टाकून बघितलं, तर शहराचा एक मोठा तुकडा रिकामा, तिथून अर्जच नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, जो माणूस अर्जच करत नाही तो माझ्या रिग्रेशनमध्ये, म्हणजे आलेल्या अर्जांची तुलना करणाऱ्या गणितात, दिसणार कसा. शोधल्यावर सापडलं की एक लाख डॉलरच्या खालचं मॉर्गेज, म्हणजे घरकर्ज, करायचंच नाही असा बँकेचा नियम होता, आणि तो पूर्ण शहाणपणाचा होता बरं का. ऐंशी हजारांचं लोन असो की चार लाखांचं, कागदपत्रं, व्हॅल्युएशन, तपासणी यांचा खर्च जवळजवळ तितकाच, आणि लोन ऑफिसरचं कमिशन मात्र रकमेच्या टक्क्यावर. छोट्या लोनमध्ये कोणाला रस असणार? फक्त झालं असं की त्या शहरात लाखाच्या खालची घरं जवळपास सगळी ब्लॅक वस्तीत होती. मग ती घरं घेत कोण होतं? कॅशवाले इन्व्हेस्टर. आणि ज्यांना लोन मिळू शकलं नाही त्याच लोकांना ती भाड्याने देत होते, भाडं कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त. म्हणजे "यांना परवडणार नाही" असं म्हणायचीही सोय नाही, दर महिन्याला परवडत होतंच की, फक्त घर दुसऱ्याच्या नावावर होत होतं.

यात वाईट माणूस कोण? मला तरी कोणी सापडला नाही. पण नियमाच्या एका टोकाला रंग न विचारता टाकलेला आकडा आणि दुसऱ्या टोकाला रंगानुसार वेगळे झालेले लोक, हे झालं कसं, तर ती घरं तिथे स्वस्त का होती या प्रश्नात सगळं दडलंय.

आता थोडा इतिहास, आणि यात एक दुरुस्तीही करायचीय. इंटरनेटवर सगळे तो लाल रंगाचा नकाशा फिरवतात, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाच्या सरकारी संस्थेचा. १९३३ साली महामंदीत लोकांची घरं वाचवायला ही संस्था काढली, तिने दहा लाखांच्या आसपास मॉर्गेज विकत घेऊन लोकांना सोप्या हप्त्यांवर परत दिली, आणि पुढे दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे काढले, हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोकादायक. ब्लॅक वस्ती जवळजवळ हमखास लाल. रेडलायनिंग, म्हणजे एखाद्या वस्तीला सरसकट कर्ज नाकारणं, हा शब्द निघाला की आज हेच नकाशे दाखवतात. पण या संस्थेने स्वतः लाल भागातही कर्जं दिली होती, ब्लॅक कुटुंबांनाही, आणि बहुतेक नकाशे तर तिचं कर्जवाटप उरकल्यावर बनले. सगळं खापर त्या नकाशांवर फोडणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं आहे. खरी मेख १९३४ मध्ये सुरू झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये होती, एफएचए म्हणतात ते.

एफएचए कर्ज देत नव्हतं, बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवत होतं. ऐकायला किरकोळ वाटतं पण या एका गोष्टीने अमेरिकन मध्यमवर्ग घडला. त्याआधी घरकर्ज म्हणजे अर्धी रक्कम आधी भरा, उरलेली पाचेक वर्षांत फेडा असला प्रकार. सरकारी विमा आल्यावर बँका वीस, पुढे तीस वर्षांसाठी, थोडक्या डाउन पेमेंटवर पैसे द्यायला लागल्या. आणि विमा कशाला द्यायचा याचं एफएचएचं मॅन्युअल सरळ सांगत होतं की विजोड वंशगट शेजारी आले की घराची किंमत पडते, सबब अशा वस्तीला कमी गुण. वर आणि घराच्या खरेदीखतातच "हे घर गोऱ्यांशिवाय कोणाला विकणार नाही" अशी अट असावी अशी शिफारस. म्हणजे भेदभाव हा तिथे चक्क जोखीम मोजायचा फॉर्म्युला होता. पगार, नोकरी, शिस्त सगळं सारखं असलेला ब्लॅक माणूस त्या फॉर्म्युल्यात बसूच शकत नव्हता कारण धोका म्हणजे तो स्वतःच होता.

मग तो काय करायचा? शिकागोत नॉर्थ लॉनडेलसारख्या भागात १९५० आणि ६०च्या दशकात लोक 'कॉन्ट्रॅक्ट'वर घरं घ्यायचे. दलाल गोऱ्या मालकाला आता ब्लॅक शेजारी येणार असं घाबरवून स्वस्तात घर घ्यायचा, ब्लॅक कुटुंबाला कितीतरी जास्त भावाने हप्त्यावर द्यायचा, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाकडेच. मध्ये एखादा हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला. १९६८ मध्ये या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग नावाची संघटना काढून हप्ते रोखले, कोर्टात गेले. ही माणसं दोन दोन नोकऱ्या करून, खोल्या भाड्याने देऊन हप्ते भरत होती, यांना कल्चर शिकवायला कोण जाणार होतं मला माहीत नाही.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा जीआय बिल कायदा आला त्यातही तेच. कायद्यात वंशाचा उल्लेख नाही. पण कर्ज स्थानिक बँकेने द्यायचं, सरकार फक्त हमी देणार. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांत अशी ३,२२९ हमीची कर्जं झाली, त्यातली ब्लॅक सैनिकांना किती? दोन. दोनशे नाही, दोन. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानेही पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते, आणि दक्षिणेत शेतमजूर आणि मोलकरणी कोण होते ते वेगळं सांगायला नको. ही वगळणूक दक्षिणेतल्या खासदारांच्या दबावाने झाली की फक्त त्या लोकांकडून वर्गणी गोळा करणं अवघड होतं म्हणून, यावर अभ्यासकांत चांगलीच जुंपलेली आहे. माझ्या कामाच्या दृष्टीने गंमत अशी की दोन्ही उत्तरांत वगळलेली माणसं तीच राहतात.

मग १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेली विरुद्ध क्रेमर केसमध्ये सांगितलं की खरेदीखतातल्या त्या अटी कोर्टं अमलात आणणार नाहीत. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर आठवड्याभरात फेअर हाउसिंग कायदा झाला. चला, कायदा बदलला. पण त्या दिवशी ज्याच्याकडे घर होतं त्याच्याकडे ते राहिलं, ज्याच्याकडे नव्हतं त्याला आता वाढलेल्या भावाने घ्यायचं होतं. मधल्या तीसेक वर्षांत सरकारी विम्याच्या जोरावर फुगलेली किंमत काही परत घेतली नाही कोणी.

पगाराकडे बघून हे कळत नाही, संपत्तीकडे बघावं लागतं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे रांगेत मधोमध असलेल्या कुटुंबाची) २,८५,००० डॉलर आणि ब्लॅक कुटुंबाची ४४,९००, म्हणजे सहा पटींहून जास्त फरक, पगारातला फरक याच्या जवळपासही नाही. आता तिशीतल्या जोडप्याला पहिलं घर घ्यायचंय, डाउन पेमेंट कुठून येणार? आईवडलांकडून. आईवडलांकडे कुठून आलं? त्यांच्या घरातून. आजोबांना ते घर कशावर मिळालं हे आता कोणी विचारत नाही, बँक तर नाहीच नाही, बँक फक्त विचारते डाउन पेमेंट किती टक्के, आणि कमी असेल तर व्याजदर वाढवते, तेही सगळ्यांना सारख्याच नियमाने.

सिस्टेमिक म्हणजे हे. प्रत्येक नियम स्वतःपुरता सरळ असतो, पण तो त्याचा कच्चा माल आधीच्या नियमाच्या निकालातून घेतो. वंशाचं नाव फक्त पहिल्या नियमात होतं, पुढच्यांना ते लिहायची गरजच पडली नाही.

झोनिंगचंही, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय बांधायचं या नियमांचंही, असंच. कुठल्या रंगाच्या माणसाने कुठे राहायचं हे शहराच्या कायद्यात लिहिता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्येच सांगितलं होतं, बुकॅनन विरुद्ध वॉर्ली, लुईव्हिल शहराची केस. मग शहरं म्हणाली बरं, रंग नको, आम्ही फक्त असं लिहितो की या भागात एका कुटुंबाचंच स्वतंत्र घर, प्लॉट किमान इतका मोठा, अपार्टमेंट बांधायला मनाई. १९२६ मध्ये युक्लिड केसमध्ये कोर्टाने याला हिरवा कंदील दिला, आणि निकालात अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलं. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड, यांचं नाव लक्षात ठेवा, ते अजून एकदा येणार आहेत.

भेदभावाविरुद्ध दाद मागायला कोर्टात दोन दारं आहेत आणि दोन्हींवर वेगळी पाटी आहे. एका केसमध्ये ड्यूक पॉवर कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या वीज केंद्रात ब्लॅक कामगार फक्त मजुरी विभागात, तिथला सगळ्यात मोठा पगार बाकी विभागांतल्या सगळ्यात छोट्या पगारापेक्षा कमी. २ जुलै १९६५ ला नोकरीतला भेदभाव बंद करणारा कायदा लागू झाला, आणि त्याच दिवशी, अक्षरशः त्याच दिवशी, कंपनीने चांगल्या विभागांत नव्याने लागायला हायस्कूल डिप्लोमासोबत दोन लेखी परीक्षाही पास होण्याची अट घातली. आधीपासून तिथे असलेले बिनडिप्लोमाचे गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते. १९७१ मध्ये या केसच्या, म्हणजे ग्रिग्ज केसच्या, निकालात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हेतू काहीही असो, अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल आणि तिच्यामुळे एका वंशाचेच लोक बाहेर पडत असतील तर ती चालणार नाही. हे झालं पहिलं दार, याला परिणामाची कसोटी म्हणू. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, वॉशिंग्टनच्या पोलीस भरतीची परीक्षा कोर्टात आली, त्यात ब्लॅक उमेदवार गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात नापास होत होते, आणि इथे कोर्ट म्हणालं की राज्यघटनेखाली दाद मागायची तर हेतू सिद्ध करा, नुसता परिणाम पुरत नाही. म्हणजे संसदेच्या काही कायद्यांखाली परिणाम चालतो, घटनेखाली हेतू लागतो. घरांच्या बाबतीत परिणामाची कसोटी चालते हे २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कसंबसं टिकलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून सरकारी खात्यांना या कसोटीवर चालणारी कारवाई मागे टाकायला सांगितलं. माझ्या मते हा आदेश बातम्यांत गाजलेल्या बाकी बऱ्याच गोष्टींपेक्षा मोठा आहे, कारण मघाचा तो लाख डॉलरचा नियम फक्त याच कसोटीत सापडतो, हेतू शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही.

आता भारतीयांवर येते. हा मुद्दा प्रत्येक पार्टीत निघतो आणि काढणाऱ्यांना आपला स्वतःचाच इतिहास माहीत नसतो. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळायचं, पुढे यादवी युद्धानंतर आफ्रिकन वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. तर गोरा म्हणजे कोण? नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा नावाच्या जपानी माणसाला कोर्टाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. तीन महिन्यांनी भगतसिंग थिंद उभे राहिले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेले शीख गृहस्थ, म्हणाले तुमच्याच मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत, मग मी गोरा. त्यांनी वर उच्च जातीचाही दाखला दिला होता, त्याबद्दल अभिमान वाटावा असं काही नाही. कोर्ट म्हणालं शास्त्र राहू दे, सामान्य गोरा माणूस तुला गोरा समजत नाही, विषय संपला. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तेच, सदरलँड. शंभर दिवसांच्या आत व्याख्या फिरली. वंश ही मोजायची वस्तू नाही तर ठरवायची वस्तू आहे हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. जनगणनेत तर १९२० ते १९४० अशा तीन वेळा 'हिंदू' हा वंश म्हणून छापलेला होता, त्यात शीख आणि मुसलमानही आले.

थिंदच्या निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा काढून घेतली गेली. वैष्णो दास बगई हे १९१५ मध्ये बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते, दुकान टाकलं, बर्कलीत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी आत येऊ दिलं नाही. नागरिकत्व गेल्यावर कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळे मालमत्ता विकावी लागली, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतीय कल्चर तेव्हाही हेच होतं ना? कष्ट, शिक्षण, कुटुंब, बचत, सगळं होतं, पुढे जाता येत नव्हतं कारण जमीन नावावर करता येत नव्हती.

मग बदललं काय? १९४६ मध्ये नागरिकत्व खुलं झालं आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटा जाऊन व्यावसायिकांना प्राधान्य आलं. डॉक्टर, इंजिनियर, पुढे सॉफ्टवेअरवाले. आज अमेरिकेतल्या प्रौढ भारतीयांत चारातले साधारण तीन पदवीधर आहेत, हे भारताचं सरासरी चित्र आहे का? व्हिसाच्या चाळणीतून गाळून आलेले लोक आहोत आम्ही, मीही त्यातलीच, माझ्या आधी माझी डिग्री विमानात चढली होती. नायजेरियातून आलेल्यांतही पदवीधरांचं प्रमाण गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त आहे, तेही याच चाळणीमुळे. गाळलेल्या गटाची तुलना न गाळलेल्या गटाशी करून कल्चरचे निष्कर्ष काढायचे हे डेटाचं काम करणाऱ्याला तरी शोभत नाही.

इथवर वाचून असं वाटेल की आज सरळसरळ भेदभाव होतच नाही, फक्त जुन्याचं ओझं आहे. तसं नाहीये. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकीत एक प्रयोग केला, २००३ मध्ये छापून आला. तरुण मुलांच्या जोड्या, बायोडेटा सारखे, छोट्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले, काहींनी तुरुंगात जाऊन आल्याचं सांगायचं. गोरा आणि रेकॉर्ड नसलेला, ३४ टक्के वेळा परत फोन. गोरा आणि तुरुंगात जाऊन आलेला, १७ टक्के. ब्लॅक आणि रेकॉर्ड नसलेला, १४ टक्के. ब्लॅक आणि तुरुंगात जाऊन आलेला, ५. मधले दोन आकडे परत वाचा. तुरुंगातून आलेला गोरा हा स्वच्छ ब्लॅक मुलापेक्षा पुढे.

यावर सगळ्यांना सुचलेला उपाय फार लोकप्रिय झाला, नोकरीच्या फॉर्मवरचा 'तुम्हाला कधी शिक्षा झालीय का' हा चौकोनच काढून टाका. बऱ्याच राज्यांनी आणि शहरांनी कायदे केले, मीही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मग अमांडा अगन आणि सोन्या स्टार या संशोधकांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात कायदा लागू व्हायच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे १५,००० बनावट अर्ज ऑनलाइन पाठवले. ज्या कंपन्यांच्या फॉर्मवर आधी तो चौकोन होता तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ब्लॅक वाटणाऱ्या नावांपेक्षा ७ टक्के जास्त फोन येत होते, चौकोन काढल्यावर फरक झाला ४३ टक्के. का? कारण आता रेकॉर्ड दिसत नाही म्हटल्यावर मालक नावावरून अंदाज बांधायला लागले. ज्या ब्लॅक मुलाचं रेकॉर्ड कोरं होतं त्याचं ते दाखवायचं एकमेव साधनच आपण काढून घेतलं. हा अभ्यास मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात वाचायला देते, कारण या क्षेत्रात चांगल्या मनाच्या लोकांची कमी नाही, आणि चांगलं मन असलं की मोजायचा कंटाळा येतो.

ऑफिसातल्या ट्रेनिंगबद्दलही माझं मत चांगलं नाही, स्पष्टच सांगते. दोन तास स्लाइड बघून माणसाच्या डोक्यातला पूर्वग्रह जातो असं मानायला मला तरी दमदार पुरावा दिसलेला नाही, आणि गेला तरी तो लाख डॉलरचा नियम मॅन्युअलमध्ये जसाच्या तसा राहतो. ट्रेनिंग स्वस्त पडतं आणि कोणाच्या खिशाला हात लागत नाही म्हणून ते होतं.

आरोग्यातलं एक उदाहरण पटकन देते कारण ते मघाच्या बँकेसारखंच आहे आणि यात कॉम्प्युटर आहे. कुठल्या पेशंटकडे जास्त लक्ष द्यायचं हे ठरवणारा एक अल्गोरिदम अमेरिकन हॉस्पिटलांत वापरात होता, त्यात वंश हा कॉलमच नव्हता. २०१९ मध्ये संशोधकांनी तपासलं तर सारख्या स्कोअरला ब्लॅक पेशंट जास्त आजारी निघाले. कारण? अल्गोरिदम आजार मोजायच्या ऐवजी आजारावर झालेला खर्च मोजत होता, आणि ज्यांच्यावर आधीपासून कमी खर्च केला गेला ते त्याला तब्येतीने ठणठणीत वाटत होते. ही चूक सुधारली असती तर जादा मदत मिळणाऱ्यांत ब्लॅक पेशंटचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ वर गेलं असतं. रंग न विचारणं म्हणजे रंगाच्या पलीकडे जाणं नव्हे एवढंच यातून घ्यायचं. याच्या उलट किडनी किती काम करते ते मोजायच्या फॉर्म्युल्यात वंश मुद्दाम घातलेला होता, ब्लॅक पेशंटची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं, तो गुणक २०२१ मध्ये काढला. म्हणजे कधी वंश विचारल्याने घोटाळा, कधी न विचारल्याने. सरसकट नियम शोधणाऱ्यांची इथे निराशा होते.

"मग हे गरिबीचंच आहे ना, वंशाचं कशाला म्हणायचं" हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. बराच भाग गरिबीचा आहेच, आणि गरीब गोऱ्यांचे हाल खोटे नाहीत. पण अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोट्यवधी लोकांच्या कर-नोंदी तपासल्या तर सारख्या उत्पन्नाच्या घरात वाढलेल्या ब्लॅक आणि गोऱ्या मुलींची मोठेपणीची कमाई जवळपास सारखी, आणि मुलगे मात्र मागे, श्रीमंत घरातले आणि त्याच वस्तीत वाढलेलेसुद्धा. नुसती गरिबी असती तर मुलींतही तोच फरक दिसला असता. कल्चर असतं तर भाऊबहिणींना वेगळं कल्चर कुठून आलं? तुरुंग आणि नोकरीच्या दारात ब्लॅक पुरुषाकडे ज्या नजरेने बघतात तिकडे बोट जातं, पेजर बाईंचे आकडे आठवा.

उपायांबद्दल विचारलेलं नव्हतं तरी एकच सांगते. १९९४ पासून सरकारने पाच मोठ्या शहरांत लॉटरी काढून काही गरीब कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जायला भाड्याची मदत दिली. मोठ्यांच्या कमाईत काही फरक पडला नाही, दहाएक वर्षं सगळे म्हणत राहिले की प्रयोग फसला. मग मुलं मोठी झाली, आणि जी तेरा वर्षांची व्हायच्या आत हलली होती त्यांची विशीतली कमाई लॉटरीत नंबर न लागलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा ३१ टक्के जास्त निघाली. तीच कुटुंबं, तेच आईबाप, फक्त पत्ता बदलला. निवडणुकीच्या चार वर्षांत हे दिसत नाही म्हणून असल्या गोष्टींना पैसे मिळत नाहीत.

त्या बँकेचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्यांनी मर्यादा खाली आणली, छोट्या लोनसाठी ऑफिसरला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, आरडाओरडा झाला नाही, नियम मुळात कोणी आणि कधी लिहिला होता हेही कोणाला आठवत नव्हतं. पहिल्या वर्षी त्या भागातून फारसे अर्ज आलेच नाहीत. बँकवाले मला म्हणाले बघा, मागणीच नाहीये. मग एक सहकारी तिकडच्या घरांच्या एजंटांना भेटून आली, तर ते अजूनही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सवयीने सांगत होते की इथे बँकेचं नाव काढू नका, कॅश असेल तर बोला.